थूजा आणि सदाफुली

सांगलीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना सुरू केला तेव्हा गावाच्या लेखी जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशीचा डॉक्टर होता. शिरवळच्या कॉलेजातून बाहेर पडलेले आम्ही बहुतेकजण गोठ्यातच शिकलो. कोपरापर्यंत हात घालून गाभण तपासायची, दगडी झालेल्या कासेत ट्यूब सोडायची, अडलेलं वासरू ओढून काढायचं. कुत्रं दवाखान्यात आलंच तर राखणीचं, तेही मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसून. आता कुत्री गाडीच्या मागच्या सीटवर चादर अंथरून येतात, त्यांची फाइल असते, वाढदिवस असतो. आणि दर थोड्या दिवसांनी कुत्र्याच्या आधी टेबलावर एक प्लॅस्टिकची डबी येते. पांढऱ्या गोड गोळ्यांची. “हे चालू आहे मॅडम. हे बंद करायला सांगणार नाही ना?”

डबी घेऊन येणारी माणसं अडाणी नसतात. प्राध्यापक, बँकेतले, सीए, एखादवेळी माणसांचे डॉक्टरसुद्धा. त्यांच्या घरात होमिओपॅथी बाहेरून आलेली नसते. आपल्याकडे छोट्या शहरांत कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर बऱ्याचदा बीएचएमएस असतो. मुलीचे टॉन्सिल्स, आजींची संधिवाताची कुरकुर, सुनेची ॲलर्जी, सगळं त्याच्यापाशी. घरातल्या चौघांना जे चालतं ते पाचव्याला का चालू नये, असा तो सरळ हिशेब. पाचवा चार पायांचा आहे एवढंच.

दुसरं कारण एका वाक्यात सांगतात: “साइड इफेक्ट नसलेलं काहीतरी द्या.” या वाक्याच्या पोतडीत देशी, आयुर्वेदिक, हर्बल, होमिओपॅथी असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. होमिओपॅथी म्हणजे झाडपाला, असा तर सरसकट समज. प्रत्यक्षात आर्सेनिकम अल्बम सोमलापासून करतात, लॅकेसिस सापाच्या विषापासून, कँथारिस अंगावर फोड आणणाऱ्या एका किड्यापासून. ऐकून लोक दचकतात. मग मी लगेच सांगते की घाबरू नका, त्यातलं काहीच गोळीपर्यंत पोचत नाही. मूळ अर्कात ते असतं, पण ‘३०’ पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं. एकावर साठ शून्यं. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये रेणू असतात सहावर तेवीस शून्यं एवढे. म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू निरोप घेतो. त्यामुळे साइड इफेक्ट नाही हे अगदी खरं. इफेक्टचं काय, हा पुढचा प्रश्न.

हा हिशेब ऐकून आजवर कुणी डबी कचऱ्यात टाकलेली नाही. माणसं हिशेबानं गोळी बदलत नाहीत, अनुभवानं बदलतात. आणि अनुभव तर त्यांच्या बाजूनं असतो.

वर्षाचाही न झालेला एक लॅब्रेडॉर आला होता. मालक बँकेत अधिकारी, चेहरा पांढराफटक. कुत्र्याचा ओठ उलटवून म्हणाले, “कॅन्सर आहे ना?” आतल्या बाजूला, हिरड्यांवर, जिभेच्या कडेला फुलकोबीच्या बारीक तुऱ्यांसारखे फिकट गुलाबी कोंब. दहा-बारा तरी असतील. तो बिचारा शेपटी हलवत माझा अंगठा चाटत होता. ती तोंडातली चामखीळ होती. पॅपिलोमा विषाणूमुळे होते, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, माणसाला लागत नाही, आणि तरुण कुत्र्यांना जास्त होते कारण त्यांच्या शरीरानं हा विषाणू आधी पाहिलेला नसतो. एकदा ओळख पटली की शरीर आपणहून तिचा निकाल लावतं. महिन्याभरात, कधी चार-पाच महिन्यांत. खाताना त्रास झाला किंवा सारखं रक्त यायला लागलं तर काढायची, नाहीतर हात लावायचा नाही.

“म्हणजे काहीच करायचं नाही?”

हा प्रश्न माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आजाराचं नाव सांगितलं, त्याची चाल सांगितली, फी घेतली आणि औषध दिलं नाही. माणूस रिकाम्या हातानं घरी जातो आणि रोज सकाळी कुत्र्याचा ओठ उलटवून बघतो. ते बघणं सोसत नाही. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. होमिओपॅथीत चामखीळ म्हटलं की थूजा; हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय आजीला ठाऊक आहे. थूजा सुरू झालं. दोनेक महिन्यांनी तोंड स्वच्छ. साहेब पेढे घेऊन आले, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “तुम्ही सांगितलं होतं जाईल म्हणून. पण थूजानं काम केलं हो.” कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण ओठावर आली होती. पेढा तोंडात होता, राहून गेली. आमराई बागेत सकाळी फिरणाऱ्यांत ही गोष्ट पसरली आणि आजही चामखीळवाली कुत्री माझ्याकडे येताना थूजा घेऊनच येतात.

पिल्लांच्या तोंडाभोवती, डोळ्याभोवती केस जाऊन जे टक्कल पडतं, ज्याला लोक सरसकट लूत म्हणतात, त्याचंही असंच. डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किडीमुळे होणारं ते टक्कल एक-दोन ठिकाणीच असेल तर बहुतेक पिल्लांत आपोआप भरून येतं. अंगभर पसरलं तर गोष्ट वेगळी, तिथे औषध लागतंच. पण एक-दोन चट्ट्यांच्या काळात जे कोणी जे काही चोळेल त्याला यश येतं. करंजाचं तेल, गंधक, सल्फर २००, शेजारणीचा काढा.

इथे होमिओपॅथीवर हसून मोकळं होता येत नाही, कारण आमच्या बाजूलाही थूजा आहे. आम्ही त्याला लिव्हर टॉनिक म्हणतो. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, लिव्हर टॉनिक. पिल्लू बारीक, लिव्हर टॉनिक. ठसकणारा खोकला, जो चांगल्या तब्येतीच्या कुत्र्यात बहुतेक वेळा दीड-दोन आठवड्यांत जाणारच असतो, त्याला अँटिबायोटिक, बी-कॉम्प्लेक्स आणि वर एक सुई. त्यातलं काही लागतं, बरंच लागत नाही. मालकाला रिकाम्या हातानं पाठवायची हिंमत नसते म्हणून दिलं जातं, आणि मग गुण आला की तो सुईचा. रंगीत बाटलीतल्या सरबताला विज्ञान म्हणायचं आणि पांढऱ्या गोळीला भाबडेपणा, हे मला पटत नाही.

लोक आमच्यापासून दूर का जातात हे बघायचं तर सुईचीच एक गोष्ट. एक पांढरं स्पिट्झ (घरचे त्याला पॉमेरियन म्हणतात, म्हणू देत) सतत खाजवायचं. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ. गावाकडे कुणीतरी सुई मारायचं, दुसऱ्या दिवशी खाज गायब. महिन्यानं परत खाज, परत सुई. असं वर्षभर. सुई कसली ते कागदावर कुठेच नव्हतं, पण कुत्रं बघितल्यावर कागद लागला नाही. पोट सुटून लोंबलेलं, पाय काटकुळे, पाठीवरचे केस गेलेले, पोटाची कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या शिरा मोजता याव्यात. दिवसभर पाणी पिणार आणि घरभर मुतणार. स्टेरॉइड. खाजेचं मूळ होतं पिसवांची ॲलर्जी, आणि पिसवांचा बंदोबस्त कुणीच केला नव्हता.

घरच्यांनी कंटाळून होमिओपॅथला दाखवलं होतं. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली, आधी त्या सुया थांबवा. शंभर टक्के बरोबर सल्ला; फक्त एक गोष्ट त्यात सुटली होती. बाहेरून सतत स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम तोडलं की कुत्रं निपचित पडतं, उलट्या करतं, प्रसंगी जातं. ते माझ्याकडे आलं ते असं निपचित होऊनच. म्हणजे ज्या औषधानं बिघडवलं त्याच औषधाच्या छोट्या गोळ्या मला पुन्हा सुरू कराव्या लागल्या, आठवड्याला थोडी थोडी कमी करत. त्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “परत तेच?” पिसवांचं औषध सुरू झालं, गादी-पायपुसणी धुतली गेली, आणि काही महिन्यांत पाठीवर केस आले. होमिओपॅथच्या गोळ्याही तोवर चालूच होत्या. श्रेय कुणाला मिळालं ते सांगायला नको. पण त्या डॉक्टरांनी सुया बंद केल्या नसत्या तर कुत्रं मुळात माझ्यापर्यंत आलंच नसतं, तेव्हा मी फारशी कुरकुर केली नाही.

हानेमान या जर्मन डॉक्टरनं होमिओपॅथीचा मुख्य ग्रंथ, ‘ऑर्गेनॉन’, १८१० साली प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्थापित वैद्यक काय करत होतं? शीर तोडून रक्त काढत होतं, जुलाब देत होतं, पाऱ्याचे क्षार पाजत होतं. त्या उपचारांपुढे काहीच नसलेलं औषध, पथ्य आणि विश्रांती हे खरोखरच सरस ठरणार होतं. माझ्या स्पिट्झच्या बाबतीत इतिहासच परत घडला. जिथे मुख्य प्रवाहाचा डॉक्टर बेफिकीर असतो, तिथे होमिओपॅथी निव्वळ निरुपद्रवी असण्याच्या जोरावर जिंकते.

होमिओपॅथीच्या बाजूनं सगळ्यात दमदार मुद्दा मला एका अकरावीतल्या मुलानं ऐकवला होता. आईबरोबर आला होता. म्हणाला, “मॅडम, माणसाचं ठीक आहे, औषध घेतलं म्हणून बरं वाटत असेल. पण कुत्र्याला कुठे माहीत आपण काय घेतोय? मग त्याला बरं कसं वाटतं?”

कुत्र्याला माहीत नसतं. पण कुत्रं बरं आहे की नाही हे सांगतं कोण? मालक सांगतो आणि मी लिहून घेते. आम्हा दोघांनाही माहीत असतं. २०१२ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या दोघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सांधेदुखीनं लंगडणारी, औषधाऐवजी नुसती बनावट गोळी मिळालेली ५८ कुत्री. पायावर किती भार टाकतात ते जमिनीत बसवलेल्या यंत्रावर मोजलं जात होतं. यंत्र म्हणत होतं फरक नाही. तरी सुमारे ४० टक्के वेळा मालकांना सुधारणा दिसली. आणि व्हेटरनरी डॉक्टरांना? सुमारे ४५ टक्के वेळा. हा आकडा मी विसरू शकत नाही. शिकलेला डोळा मालकाच्या डोळ्यापेक्षा बरा नव्हता, उलट थोडा जास्तच आशाळभूत होता.

अपस्मारावरचा २०१० सालचा अभ्यास याहून गमतीचा. झटके येणाऱ्या २८ कुत्र्यांना बनावट गोळी दिली. २२ कुत्र्यांचे झटके कमी झाले, आठ जणांचे तर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. झटके मोजलेले, म्हणजे इथे नुसत्या आशेचा खेळ नाही. त्यातलं मुख्य कारण मला पटतं ते असं: माणूस नवा उपाय शोधायला निघतो तो दुखणं टिपेला पोचल्यावर. चढ-उताराचा आजार टिपेवरून खालीच येणार. त्या उतरणीवर ज्याची डबी हातात असेल तो डॉक्टर हातगुणाचा.

तो मुलगा शहाणा होता. “म्हणजे तुमची औषधंही अशीच असू शकतात,” म्हणाला. असू शकतात. म्हणून तर एकाला खरी, एकाला खोटी असं देऊन, कुणाला काय दिलं ते झाकून बघावं लागतं. आमची जी औषधं त्या चाळणीतून गेलीत त्यांच्यावर मी भिस्त ठेवते. होमिओपॅथी या चाळणीत बसवली की बहुतेक वेळा काही उरत नाही. लिव्हर टॉनिकचंही फारसं वेगळं होईल असं मला वाटत नाही.

इतका वेळ मी ज्यांच्याबद्दल बोलले ते आजार थांबणारे होते. कुत्रं दगावतं ते न थांबणाऱ्या आजारात.

नसबंदी न केलेली, आठ-नऊ वर्षांची कुत्री. हीटवर येऊन महिना-दीड महिना झालेला. खाणं कमी, पाणी पिणं वाढलेलं. “अंगावरून जातंय” असं मालकीणबाई हळू आवाजात सांगतात, जणू घरातल्याच कुणाबद्दल बोलताहेत. व्हेटरनरी डॉक्टरला एवढं ऐकून पुरतं. पायोमेट्रा, गर्भाशयात पू. सोनोग्राफी खातरजमेपुरती.

अशीच एक राणी. तिला पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या चालू होत्या, सेपिया बहुधा. आधी थोडा फरक वाटला, म्हणून तीच डबी मेडिकलमधून परत आणली. मग अंगावरून जायचं थांबलं. घरच्यांना हायसं वाटलं. खरं तर धोका तिथेच वाढला होता, कारण गर्भाशयाचं तोंड मिटलं आणि पू आत साठायला लागला. दवाखान्यात आणली तेव्हा पोट ताणलेलं, हिरड्या विटकरी, अंगात कडाक्याचा ताप. सलाईन लावून, अँटिबायोटिक देऊन त्याच संध्याकाळी ऑपरेशनला घेतली. पोट उघडल्यावर गर्भाशयाची दोन्ही शिंगं वर आली. एरवी पेन्सिलीएवढी जाड असतात, ही माझ्या मनगटाएवढी होती आणि भिंत इतकी ताणलेली की चिमट्यानं धरायचीही भीती. दोन्ही तळहात खाली घालून, अजिबात न दाबता ती बाहेर घ्यावी लागते. फुटली तर सगळा पू पोटात. फुटली नाही. टाके नीट पडले. राणी शुद्धीवर आली, दुसऱ्या दिवशी पाणी प्यायली. पण विषानं मूत्रपिंडांचं करायचं ते करून झालं होतं; क्रिॲटिनिन खाली आलंच नाही.

नंतर राणीला गोळ्या देणाऱ्या होमिओपॅथ डॉक्टरांचा मला फोन आला. मी जरा घुश्शातच उचलला. त्यांनी पहिल्यांदाच घरच्यांना सांगितलं होतं, पाणी जास्त पीत असेल तर व्हेटला दाखवा. घरच्यांनी ते ऐकलं, पण गोळ्यांनी फरक वाटतोय म्हणून थांबले. पुढच्या गोळ्या त्यांनी डॉक्टरांना न विचारताच आणल्या होत्या. गोळीत विष नव्हतं आणि डॉक्टरांचा सल्लाही चुकीचा नव्हता. दुखणं अंगावर काढायला फक्त एक कारण हवं असतं, ते डबीनं पुरवलं.

म्हणून आता डबी बघितली की मी गोळीवर वाद घालत नाही. या आजारात आपल्याकडे किती वेळ आहे, एवढंच बोलते. चामखिळीला महिने आहेत. सांध्याला वर्षं आहेत. गोचिडाच्या तापात नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. पार्व्होच्या उलट्या-जुलाबांत सलाईन मिळालं नाही तर बहुतेक पिल्लं जातात आणि वेळेत मिळालं तर बहुतेक वाचतात. तिथे एक रात्रसुद्धा नाही. पोट फुगून नुसतेच कोरडे उमासे येणाऱ्या मोठ्या कुत्र्याला तर काही तासच. आणि रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून बनवलेलं लिसिन नावाचं होमिओपॅथिक औषध असतं आणि ते लशीऐवजी चालेल का, असं मला विचारलं गेलंय. नाही. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायची आणि लस. कुत्र्यालाही, आणि त्यानं चावलेल्या माणसाला तर धावत. इथे मी आवाज चढवते.

कायद्याचं म्हणाल तर १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे. इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सनं २०१७ साली बजावलं की होमिओपॅथीसारख्या उपचारांमुळे सिद्ध उपचारांना उशीर होता कामा नये. बंदी नाही घातली. उशिरावर बोट ठेवलं. मला ते बरोबर वाटतं.

केमिकल आणि नैसर्गिक हा वाद मी सहसा दवाखान्याच्या कुंडीपाशी मिटवते. दाराशी सदाफुली लावलीय. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भात-कोंबडी घालणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्यातल्या एका गावठी कुत्र्याला मागच्या बाजूला लालभडक, रक्त ठिबकणारी गाठ झाली. समागमातून पसरणारी. ही गाठ विलक्षण असते. तिच्या पेशी त्या कुत्र्याच्या नसतातच, हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी एका कुत्र्याच्या असतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे कलमासारख्या लागत आल्या आहेत. ताईंनी तिलाही थूजाच सुरू केलं होतं, चामखीळच समजून. मी केमो म्हटल्यावर त्यांचे डोळे भरले. “रस्त्यावरचं जनावर ते, त्याचे हाल नका करू. काही नैसर्गिक नाही का?”

म्हटलं, आहे. दाराबाहेर बघा. व्हिनक्रिस्टीन सदाफुलीतूनच मिळतं. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरात १९६३ पासून वापरतात, आणि या गाठीवर त्याच्याइतकं चांगलं औषध नाही. ताईंनी डोळे पुसून लगेच विचारलं, “मग पाला उकळून पाजू?”

चुकूनही नाही. पंधरा किलोच्या कुत्र्याला आठवड्याला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी पुरतं, तेही मोजून, तेही फक्त शिरेत. आधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर आठवडाभर थांबायचं. कॅन्युला बसली की आधी साधं सलाईन सोडून बघते, शीर फुगते की कातडी. एक थेंब शिरेबाहेर गेला तर तिथलं मांस सडतं. ताईंनी डोकं धरलेलं, मी पुढच्या पायावर वाकलेली, आणि तो गडी ताईंच्या पदराच्या गाठीतलं बिस्किट हुंगत होता. अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी असलेल्या त्या औषधातसुद्धा रेणू असतात दोनावर सतरा शून्यं एवढ्यांच्या घरात. अल्प मात्रेवर माझाही विश्वास आहे. मात्रेत काहीतरी असावं एवढंच म्हणणं. दर आठवड्याला गाठ आक्रसत गेली आणि शेवटी जागा शोधावी लागली. ताईंनी थूजा कधी बंद केलं ते मी विचारलं नाही.

होमिओपॅथीकडून मी घेतलं तेही सांगते. विश्रामबागेतले एक निवृत्त मास्तर, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, आणि त्यांचा तेरा वर्षांचा शेरू. लॅब्रेडॉर, वजन चाळीसच्या वर, मागच्या दोन्ही पायांचे सांधे गेलेले. काकांनी एका होमिओपॅथला गाठलं होतं आणि तिथला केस पेपर घेऊन आले. पेपरवर रुग्णाचं नाव काकांचं. औषध कुत्र्याचं, कागद माणसाचा. वाचायला घेतला आणि हसू मावळलं. चार पानं भरली होती. कुठल्या कुशीवर झोपतो. उठताना आधी कुठला पाय टेकतो. पावसाळ्यात जास्त की हिवाळ्यात. पंखा चालतो का. रात्री लघवीला उठत नाही, कारण दारापर्यंतची गुळगुळीत फरशी; तिथे एकदा फतकल मारून पडला होता. त्यानंतर त्या खोलीतच जात नाही.

मी शेरूला त्याआधीही तपासला होता. माझ्या कागदावर लिहिलं होतं: मागचे पाय, लंगडतो, वजन जास्त. माझ्या बाहेरच्या बाकड्यावर नेहमी सहा-सात जण असतात, शेरूला मी सात-आठ मिनिटं दिली असतील. त्या डॉक्टरांनी तासभर दिला होता. चार पानांवरून त्यांनी काढलेलं औषध मला मान्य नाही, पण ती चार पानं मला हवी होती. फरशीवर काथ्याची पट्टी अंथरायला सांगितली, झोपायच्या जागेपासून दारापर्यंत सलग. नखं कापली, पंजातले केस कापले. चपातीचा डबा बंद करून वजन उतरवायला घेतलं. मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या करून मेलॉक्सिकॅम जेवणाबरोबर. काकांना त्यांच्या गुडघ्याची गोळी त्याला देऊ नका असं दोनदा बजावलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या आतड्यात रक्तस्राव होतो. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांसाठी २००६ पासून बंदीच आहे, मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून. माझ्या केस पेपरवर आता झोपण्याची जागा, फरशी, जिना, रात्रीची लघवी असे चार रकाने वाढलेत. त्या होमिओपॅथच्या पथ्याच्या यादीत कांदा-लसूण वर्ज्य होतं. कुत्र्यांना कांदा-लसूण विषारीच, तेव्हा त्यावर आमचं पूर्ण एकमत.

माझ्यावरही माझा विश्वास नाही, त्या ४५ टक्क्यांपासून. म्हणून काकांना एक काम दिलं. दर रविवारी त्याच गल्लीत, त्याच वेळी, मागून आणि बाजूनं मोबाइलवर शेरूचं चालणं टिपायचं. आणि एका वहीत लिहायचं, दिवसातून किती वेळा आपण होऊन उठला, रात्री दारापर्यंत गेला का. मास्तरच ते, रेघा आखून वही केली.

परवा आले होते. वहीत उठण्याचे आकडे वाढलेत, चित्रफितीतही फरक मला वाटतो तसाच त्यांच्या मुलालाही वाटला, आणि त्याला आम्ही कुठली आधीची, कुठली नंतरची ते सांगितलं नव्हतं. जाता जाता काकांनी खिशातून डबी काढली. “ही साखरेची गोळी चालू ठेवू का? डबी वाजली की तेवढ्यासाठी उठतो तो.”

म्हटलं, ठेवा. फक्त डबीसाठी उठला तर तो वेगळ्या रकान्यात लिहा.